कुणाच्या नावाने

गेल्या महिन्यात भाडेकराराची प्रिंट काढायला गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. हल्ली तिथे पेनड्राइव्ह फारसं कुणी नेत नाही. दुकानातल्या कम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडायचं, फोनने क्यूआर कोड स्कॅन करायचा आणि फाइल उतरवून घ्यायची. मी खुर्चीत बसलो, तर कोडच्या जागी कुणा मुलीचे चॅट्स. वरच्या चार-पाच ओळी वाचायच्या नाहीत असं ठरवेपर्यंत वाचून झाल्या होत्या.

मराठीत दिसणं आणि पाहणं ही वेगळी क्रियापदं आहेत. दिसण्याला माझा इलाज नव्हता. पण पुढे माउस कुठे न्यायचा, हे माझ्या हातात होतं.

"काका, हे कुणाचं तरी उघडं राहिलंय. लॉगआउट करू?"

"राहू द्या हो. समोर फोटो काढायला गेलीय, येईल इतक्यात. परत स्कॅन करायला लागेल तिला."

म्हणजे हे विसरणं नव्हतं, विश्वास होता. पण तो काकांवर, माझ्यावर नव्हे.

व्हॉट्सॲपचे संदेश २०१६पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत. पाठवणारा आणि घेणारा सोडून ते कुणालाच, कंपनीलाही, वाचता येत नाहीत. पण आम्ही प्रोग्रामर ज्याला 'घेणारा' म्हणतो, तो माणूस नसतो, यंत्र असतं. एकदा स्कॅन झालं की सर्व्हर त्या ब्राउजरला ओळखतो, खुर्चीतल्या माणसाला नाही. त्यानंतरच्या प्रत्येक क्लिकवर तिचंच नाव लागतं.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये ग्लॉकन एका अंगठीची गोष्ट सांगतो. मेंढपाळाला अदृश्य करणारी अंगठी सापडते. तो राणीला वश करतो, राजाला मारतो आणि राज्य घेतो. पकडले जाण्याची भीतीच नसेल, तर माणूस सरळ का वागेल, असा ग्लॉकनचा सवाल. त्या खुर्चीतली अंगठी मला याहून वाईट वाटते. अदृश्य माणसाच्या कृत्याचा कर्ता सापडत नाही. इथे सापडतो, पण चुकीचा.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये कुणाचं फेसबुक उघडं राहिलं की त्याच्या नावाने काहीतरी टाकायचं, ही आमची रीतच होती. एकदा मी एका मित्राच्या खात्यावरून लिहिलं, 'इंजिनिअरिंग सोडतोय. घरच्यांनी माफ करावं.' सगळे हसले. संध्याकाळी ते त्याच्या चुलतभावाने गावी वाचलं. वडील रात्रीच्या एसटीने निघाले आणि सकाळी हॉस्टेलच्या पायरीवर येऊन बसले. 'मी लिहिलंच नाही' हे तो त्यांना परत परत सांगत होता. मी शेजारच्या खोलीत होतो. त्यांचा विश्वास बसला की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

म्हणून आता मी लॉगआउट करतो. पण त्यालाही निर्मळ म्हणता येत नाही. ते बटणही मी तिच्याच नावाने दाबणार होतो, तिला न विचारता, तिच्या सोयीविरुद्ध. फरक एवढाच, की बाकी कुठलंही बटण दाबलं तरी तिच्या नावाने वागण्याची माझी ताकद शिल्लक राहते. याने ती संपते. 'सांभाळून ठेवतो' म्हणणाऱ्या माणसाकडेही ताकद असतेच. फक्त त्याचा स्वतःवर भरवसा असतो. माझा तेवढा नाही.

मी लॉगआउट केलं, माझा कोड स्कॅन केला, प्रिंट काढली आणि माझंही लॉगआउट केलं. तेवढ्यात ती आली. स्क्रीन बघून वैतागली.

"माझं लॉगआउट कुणी केलं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी केलं," म्हणालो. "उघडं होतं. वरचे दोन-तीन मेसेज दिसले, सॉरी."

ती काही बोलली नाही. फोन काढून स्कॅन करायला लागली.

हा 'मी' म्हणायला फार काही लागलं नाही. मित्राला मात्र अजून सांगितलेलं नाही.