डोहाची भीती

आमच्या गावी नदीच्या वळणावर एक डोह आहे. आजी बजावायची, ‘भर दुपारी तिकडे फिरकू नकोस, पाण्यातल्या आसरा ओढून नेतात.’ आसरा खऱ्या की खोट्या, हे विचारायचं आम्हाला कधी सुचलंच नाही. वरून पाणी निवांत दिसायचं आणि दोन पावलांवर पायाखालची वाळू संपायची. आजीला हे ठाऊक होतं, तिने ते तिच्या भाषेत सांगितलं.

स्कॉटलंडमधल्या लॉक नेस सरोवराविषयी वाचताना ती आजी आठवत राहते. सरोवर सुमारे 37 किलोमीटर लांब, सव्वादोनशे मीटरहून खोल. दलदलीतली कुजकी माती मिसळून पाणी कोऱ्या चहासारखं झालेलं. हात बुडवला तर कोपराखालचा भाग तपकिरी दिसावा, त्याखाली नुसता काळोख. आणि खोलवरचं पाणी बाराही महिने पाच-सहा अंशांचं. तिथल्या गेलिक कथांमध्ये पाण्यातला एक घोडा आहे. देखणं रूप घेऊन तो काठावर उभा राहतो, पाठीवर बसलेल्या पोराचे हात त्याच्या कातडीला चिकटतात आणि तो तळाकडे निघतो. ही कथा रचणाऱ्या बाईने बुडालेलं मूल पाहिलं असणार, असं मला वाटतं. सहाव्या शतकातल्या संत कोलंबाच्या चरित्रात नेस नदीतल्या श्वापदाची गोष्ट येते, तीही एका पोहणाऱ्याचं प्रेत पुरणाऱ्या माणसांपासूनच सुरू होते.

1933 साली काठाने नवा रस्ता झाला, मोटारी धावू लागल्या, वर्तमानपत्रात राक्षसाची बातमी आली. ‘जपा’ म्हणणारी गोष्ट गेली, ‘दाखवा’ म्हणणारी आली. मागणी झाली तसे पुरावेही तयार झाले. त्याच डिसेंबरात ‘डेली मेल’ने पाठवलेल्या शिकाऱ्याला काठावर ताजे ठसे सापडले. लंडनच्या तज्ज्ञांनी निर्वाळा दिला, की ते हिप्पोच्या वाळवलेल्या पायाचे आहेत, तेही एकाच पायाचे. हिप्पोला आपण पाणघोडा म्हणतो. गेलिक आज्यांच्या घोड्याची जागा या पाणघोड्याने घ्यावी, याचं मला वाईट वाटतं. पुढच्या वर्षीचा राक्षसाचा तो जगप्रसिद्ध फोटो म्हणजे खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेली मान होती, हे उघड व्हायला 1994 उजाडलं.

2018 साली शास्त्रज्ञांनी सरोवराचं पाणी जागोजागी भरून घेऊन त्यातला डीएनए तपासला. सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नव्हता, ईल माशांचा मात्र भरपूर होता. हे उत्तर मला पटतं. पण आजीने हा प्रश्न विचारलाच नव्हता, तिला भीती पाण्याची होती.

29 सप्टेंबर 1952 रोजी जॉन कॉब नावाचा वेगवीर या सरोवरात जलवेगाचा विक्रम मोडायला उतरला. ताशी 300 किलोमीटरहून अधिक वेगात त्याची बोट लाटांवर आदळून फुटली आणि तो गेला. ग्लेनअर्कर्टच्या गावकऱ्यांनी त्याच्यासाठी काठावर दगडांचं स्मारक रचलं. राक्षस पाहायला निघालेल्या गाड्या त्याच रस्त्याने जातात.