अपाय

आमच्या बेळगावात विजेच्या पेट्यांवर कवटीचं चित्र असतं आणि खाली कन्नडमध्ये लिहिलेलं असतं, ‘अपाय’. लहानपणी मला वाटायचं, हा तर आपलाच शब्द. पण मराठीत अपाय म्हणजे इजा, नुकसान. कन्नडमध्ये अपाय म्हणजे समोर उभा असलेला धोका. आणि धोक्याचं काय सांगावं! हिंदीत गेला की तो फसवणूकच होतो.

दशलक्षण पर्वात बस्तीत रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतात. नवव्या दिवशी धर्मध्यानाचे चार प्रकार येतात, त्यातला एक अपायविचय. जीव मिथ्यात्वापायी, कषायांपायी सन्मार्गावरून कसे ढळतात आणि त्यातून कसे सुटतील, याचं चिंतन. म्हणजे इथला अपाय पेटीत नाही, आपल्या आतच आहे. इतकी वर्षं हे ऐकलं, मान डोलावली, घरी येऊन स्वयंपाकाला लागले.

मागच्या पावसाळ्यात परसातल्या मोटारीची वायर सोलली गेली. वायरमनला उद्या बोलावू, परवा बोलावू असं चाललं होतं. तोवर मी बटणाजवळ कागद चिकटवला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘धोका’. मनावरचं ओझं उतरलं. चौथ्या दिवशी धुणं धुणाऱ्या मावशींचा ओला हात वायरला लागला. झटक्यानं त्या मागे पडल्या. बचावल्या, पण आठवडाभर हात उचलवत नव्हता.

माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल? “अहो, लिहिलं होतं ना मी!”

मावशी कन्नड बोलणाऱ्या. मराठी जेमतेम, आणि अक्षरओळख कुठल्याच भाषेची नाही. हे मला पंधरा वर्षांपासून ठाऊक. मग तो कागद मी कुणासाठी लावला होता? घरातल्या आम्हा सगळ्यांना वायरचं माहीतच होतं. पाणी गाळून पिणारी, चिमणीच्या पिल्लासाठी पंखा बंद ठेवणारी मी. उमास्वामींनी हिंसेच्या व्याख्येत प्रमादाला पुढे ठेवलंय, तो प्रमाद म्हणजे आळस, झोप एवढंच मी धरून चालले होते. जागेपणी, नीट अक्षर काढूनही तो करता येतो.

वायरमन त्याच संध्याकाळी आला. अर्ध्या तासाचं काम होतं. औषधाचे पैसे दिले, बुडालेल्या दिवसांचा पगारही दिला. ते द्यायलाच हवे होते, त्यात मोठेपणा कसला?

हात बरा झाल्यावर मावशींनी विचारलं, “अक्का, त्या कागदावर काय होतं हो?”

मी म्हटलं, “अपाय.”

“मग तोंडानं सांगायचं की,” त्या म्हणाल्या आणि बादली उचलून परसात गेल्या.