दुसऱ्याचा हक्क, आपला धर्म

मानवी हक्कांचा विषय निघाला की दोन मते ऐकू येतात. काहींच्या मते हे हक्क धर्मांनीच जगाला दिले. काहींच्या मते धर्मांनी ते हिरावून घेतले. दोन्ही पक्षांना आधार आहे. ख्रिस्ताने सांगितलेली दयाळू शोमरोन्याची कथा, इस्लाममधील जकात, बुद्धाची करुणा आणि गीतेच्या सहाव्या अध्यायातील आत्मौपम्य यांचा रोख एकच आहे. तथापि पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले, आणि त्यांना विरोध झाला तोही धर्माच्याच नावाने. मग या बाबतीत धर्माचे खरे कार्य कोणते?

दिल्लीच्या पहाडगंजाने हा प्रश्न प्रत्यक्ष अनुभवला आहे. सप्टेंबर १९४७ च्या दंगलीत तेथील अनेक मुसलमान कुटुंबांनी घरे सोडून पुराना किल्ला व हुमायूनची कबर येथील छावण्यांत आश्रय घेतला. त्याच वेळी पश्चिम पंजाबात सर्वस्व गमावलेले हिंदू व शीख निर्वासित दिल्लीत येत होते. ज्याचे स्वतःचे घर लुटले गेले, त्याने दुसऱ्याच्या घराचे रक्षण का करावे? प्रश्न कठोर होता आणि विचारणारा खरोखर दुःखी होता. परंतु अपराध एकाने करावा आणि दंड तिसऱ्या निरपराध्याने भोगावा, हे कोणत्याही धर्मशास्त्राला मान्य होणार नाही.

१३ जानेवारी १९४८ रोजी गांधीजींनी उपोषण आरंभिले. १८ तारखेस हिंदू, शीख, मुसलमान व इतर प्रतिनिधींनी लेखी प्रतिज्ञा केली, तेव्हाच ते सुटले. मुसलमानांना सब्जीमंडी, करोलबाग आणि पहाडगंज येथे पूर्ववत निर्भयपणे वावरता येईल व ताब्यात घेतलेल्या मशिदी परत केल्या जातील, असे तिच्यात नमूद होते. त्यानंतर बाराच दिवसांनी गांधीजींची हत्या झाली. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत झाला तो त्याच वर्षी, १० डिसेंबरला.

त्याआधी मे १९४७ मध्ये गांधीजींनी युनेस्कोचे प्रमुख ज्युलियन हक्सले यांना कळविले होते की, हक्क हे नीट पाळलेल्या कर्तव्यातून उपजतात. या विचाराचा विपर्यास सहज होतो. 'आधी कर्तव्य कर, मग हक्क माग' असे दुर्बळाला सुनावले, तर तान्हे मूल आणि अंथरुणाला खिळलेला रोगी यांना कोणताच हक्क उरणार नाही. कर्तव्य येथे समोरच्याचे तपासावयाचे नसून आपले पाळावयाचे आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही 'अधिकार' हा शब्द कर्माशी जोडलेला आहे, फळाशी नव्हे. दुसऱ्याचा जो हक्क, तोच आपला धर्म होय.

कायदा अन्याय करणाऱ्यास शिक्षा देतो, आणि त्याची आवश्यकता कधीही संपणार नाही. परंतु संतापाच्या क्षणी, कोणी पाहत नसताना, उगारलेला हात मागे घेण्याची बुद्धी अंतःकरणातूनच यावी लागते. ती घडविणे हे धर्माचे कार्य आहे. म्हणून गृहस्थाने गीतापाठानंतर क्षणभर आपल्याच घराकडे पाहावे: मोलकरणीला विश्रांती मिळते काय, सुनेचे मत ऐकले जाते काय, अन्य धर्माच्या शेजाऱ्यास आपल्या दारी निःशंकपणे येता येते काय? जेथे उत्तर नकारार्थी येईल, तेथूनच आचरणाला आरंभ करावा.