सिद्धता, श्रद्धा आणि प्रचीती

“देव आहे हे सिद्ध करून दाखवा, मग मानेन,” असे घरातील एखादा तरुण कधीतरी म्हणतो. तेव्हा आपण एकतर रागावतो, किंवा एखाद्या थोर शास्त्रज्ञाचे नाव घेऊन “तोही देव मानत होता” असे सांगतो. दोन्ही उत्तरे कच्ची आहेत. रागावल्याने प्रश्न मिटत नाही आणि कोणाच्या वैयक्तिक मताने काही सिद्ध होत नाही.

असा प्रश्न विचारणे म्हणजे नास्तिकपणा नव्हे. आपल्या परंपरेने तो मोकळेपणाने विचारला आहे. चार्वाकांनी प्रत्यक्ष हेच एक प्रमाण मानले. नैयायिकांनी प्रत्यक्षासोबत अनुमान, उपमान आणि शब्द हीही प्रमाणे स्वीकारली. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ या ग्रंथात ईश्वराच्या बाजूने युक्तिवाद मांडले, तर वेद प्रमाण मानणाऱ्या मीमांसकांनीही जगाचा निर्माता ईश्वर मानला नाही.

साधकाने प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ज्याचे मोजमाप होते, ज्याची पुन्हा पुन्हा तपासणी करता येते, तेथे विज्ञानाचेच ऐकावे. ज्या रोगाला मराठीत ‘देवी’ म्हणतात, तो शीतलामातेचा कोप समजला जाई. पुढे घरोघर देवी टोचल्या गेल्या आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने तो रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. “विज्ञानाला हे कळत नाही, म्हणून देव आहे” अशा आधारावर उभी असलेली श्रद्धा प्रत्येक नव्या शोधाबरोबर आक्रसत जाते. तिचा शोक करू नका.

मग उरते काय? विष शरीरात काय करते, हे विज्ञान सांगते. ते कोणाला देऊ नये, हे आपला विवेक सांगतो. नुकसान होत असतानाही खरे बोलावे, हे कोणत्याही प्रयोगशाळेत सिद्ध झालेले नाही, तरी माणसे त्यासाठी हालअपेष्टा सोसतात. एवढ्यावरून ईश्वर सिद्ध होतो असे नाही. पण मोजता येत नाही ते सारे खोटे, हा आग्रह टिकत नाही.

कलकत्त्याचा तरुण नरेंद्रनाथ दत्त हाच प्रश्न घेऊन श्रीरामकृष्णांकडे गेला होता. आपण ईश्वर पाहिला आहे का, असे त्याने थेट विचारले. उत्तर ‘होय’ असे आले, तरी नरेंद्राने ते लगेच मानले नाही. गुरूंना धनाचा स्पर्श खरोखरच सहन होत नाही का, हे पाहण्यासाठी त्याने त्यांच्या बिछान्याखाली नाणे ठेवल्याची कथा प्रसिद्ध आहे. श्रीरामकृष्णांना या परीक्षेचा राग आला नाही. १८८४ मध्ये वडील वारले, घरात अन्नाची ददात पडली, तेव्हा नरेंद्राच्या मनातील शंका अधिकच तीव्र झाल्या. त्यांतून तो तरला तो युक्तिवादामुळे नव्हे. बोलणे आणि वागणे एक असलेल्या माणसाचा सहवास आणि स्वतःची साधना यांतून त्याची श्रद्धा घडली. पुढे जगाने त्याला स्वामी विवेकानंद म्हणून ओळखले.

तुम्ही म्हणाल, अनुभव फसवाही असू शकतो. खरे आहे. ध्यानात प्रकाश दिसला, अंगावर रोमांच आले, हा काही पुरावा नव्हे. म्हणून श्रद्धेलाही कसोटी हवी आणि ती आपल्या रोजच्या वागण्यात आहे. तासभर जप करून उठल्यावर आपण घरकामाच्या बाईवर ओरडत असू, तर तो जप ओठांपुरताच राहिला. श्रद्धेमुळे दुसऱ्या पंथाच्या माणसाचा द्वेष वाढत असेल, तर तो अहंकारच आहे. उलट राग थोडा ओसरला, हाव कमी झाली, संकटात मन स्थिर राहिले, दुसऱ्याचे दुःख आपले वाटू लागले, तर ती प्रचीती आहे. ती दुसऱ्याला गणितासारखी मांडून दाखवता येत नाही, पण आपल्यासोबत राहणाऱ्याला ती दिसल्याशिवाय राहत नाही.

म्हणून त्या तरुणाला प्रामाणिकपणे सांगा, “मला देव सिद्ध करता येणार नाही. उपासनेने माझ्यात काय बदल झाला, तो तू पाहा, आणि वाटल्यास स्वतः करून पाहा.” मात्र असे सांगण्यापूर्वी आज रात्री झोपताना स्वतःला विचारा : माझ्याकडे पाहून कोणाला देवाविषयी विश्वास वाटेल का? हा प्रश्न रोज विचारणे, हीच श्रद्धेची खरी सुरुवात आहे.