घट्ट आहे ना?

माणसानं खोटं कधी बोलावं आणि कधी बोलू नये, यावर थोरामोठ्यांनी पुष्कळ खल करून ठेवला आहे. अश्वत्थाम्याच्या बाबतीत धर्मराज काहीतरी पुटपुटला आणि त्याचा जमिनीवरून चार बोटं वर चालणारा रथ धप्पकन खाली आला, हे आपण लहानपणापासून ऐकतो. माझी शंका त्या मानानं किरकोळ. ती रथाची नाही, होडीच्या इंजिनाची आहे. आणि चार बोटांची नाही, दोन स्क्रूंची आहे.

झालं असं, की आमच्या हिचे थोरले बंधू बोटीवरच्या नोकरीतून निवृत्त होऊन दाभोळच्या खाडीकाठी स्थायिक झाले. जन्मभर पाण्यावर काढलेल्या माणसानं आता निवांत आंब्याची कलमं लावावीत की नाही? पण दादांनी एक जुनी शिडाची होडी घेतली. शीड हा प्रकार दिसायला फार छान. फक्त त्याला वारा लागतो, आणि वारा हा सरकारी खात्यासारखा : आपली वेळ झाली की त्याची नसते. वारा पडला आणि ओहोटी लागली, की होडी आपल्याला न विचारता समुद्राकडे निघते. म्हणून दादांनी मागच्या फळीला अडकवायचं पाच हॉर्सपॉवरचं इंजीन आणलं.

(मिलवॉकीचा ओले एव्हिनरूड नावाचा नॉर्वेजियन गृहस्थ होणाऱ्या बायकोसाठी तळ्यातून वल्ही मारत आइस्क्रीम घेऊन निघाला, पोचेपर्यंत त्याचं पाणी झालं, आणि त्या चिडीतून त्यानं असलं इंजीन बनवलं, अशी गोष्ट सांगतात. 1909 पासून ती इंजिनं विकलीही जाऊ लागली. ही गोष्ट मी आमच्या हिला सांगितली, ही माझी चूक. ‘नाहीतर तुम्ही!’ हे वाक्य मी त्यानंतर तीनदा ऐकलं.)

असलं इंजीन होडीला बसवणं म्हणजे शिकंजाच. त्याच्या मानेला एक आकडा असतो, तो फळीवर बसतो आणि आतल्या बाजूनं दोन मोठे स्क्रू हातानं पिळून आवळायचे. शिडाच्या होडीत मधली जागा सुकाणूनं बळकावलेली असते, त्यामुळे इंजीन आपलं एका बाजूला. त्याचा दांडाही लांब हवा. नाहीतर लाटेवर होडीचं बूड उचललं की पंखा पाण्याबाहेर येऊन नुसताच भणभणतो. फळी चेपू नये म्हणून दादांनी स्क्रूखाली प्लायवूडचा तुकडा ठेवला होता. हे सगळं त्यांनी मला समजावून सांगितलं आणि पंचवीसेक किलोचं ते धूड दोन्ही हातांनी धरून म्हणाले, “भाऊजी, आवळा.”

मी पहिला स्क्रू आवळला. अगदी दात-ओठ खाऊन. दुसऱ्याला हात घातला, दोन वेढे दिले असतील-नसतील, तेवढ्यात काठावरून वहिनींनी हाक मारली, “चहा निवतोय!”

“घट्ट?” दादांनी विचारलं.

“घट्ट,” मी म्हणालो.

आता हे खोटं होतं का? शपथेवर सांगतो, त्या क्षणी मला तसं वाटलं नाही. बँकेत वीस वर्षं मी आदल्या दिवशीची व्हाउचरं यादीशी ताडून ‘तपासले’ म्हणून सही करतो आहे. पहिली दहा डोळ्यांनी तपासतो, पुढची पन्नास हातानं. सही मात्र सगळ्यांवर सारखीच वळणदार. ‘घट्ट’ हा शब्द माझ्या तोंडून त्या सहीसारखा निघाला.

चहा पिऊन आलो, तर शेजारच्या मचव्यावरचे म्हातारे तांडेल आमच्या होडीत उतरून इंजिनाच्या कडीतून दोरी ओवत होते. तिचं दुसरं टोक त्यांनी आतल्या लोखंडी कडीला बांधलं. मला थोडा रागच आला. म्हटलं, “अहो, आवळलंय मी!”

“आवळलं असंल की,” ते शांतपणे म्हणाले. “आवळलेलं सैल होतं.”

यात माझा अपमान आहे की नाही, याचा विचार करतच मी होडीत बसलो. बँकेत कर्जदाराकडे जामीनदार मागितला की तोही असाच दुखावतो. पुढे दादांचा बारा वर्षांचा मुलगा बसला होता, पाण्यात हात घालून.

खाडीच्या मध्यावर दाभोळ-धोपावे फेरीबोट आडवी गेली. तिच्या लाटेनं आमचं बूड उचललं, दादांनी इंजीन वळवलं, आणि इतका वेळ थरथरत असलेलं ते धूड एका अंगानं फळीवरून उठलं आणि उलटं पाण्यात गेलं. दोरी ताडकन ताणली. एक मोठा गुडगुडाट झाला, मग शांतता. दादा आधी मुलाकडे सरकले, मग दोरीकडे. पोरगं हसत होतं. माझे पाय मात्र काठावर उतरल्यावरही माझे नव्हते.

वल्ही मारत परत आलो. खारं पाणी शिरलेलं इंजीन गोड्या पाण्यानं धुवावं लागतं, प्लग काढून आतलं पाणी उपसावं लागतं. दादा संध्याकाळपर्यंत त्यातच होते. आणि वर मलाच समजावत होते, “थरथरीनं स्क्रू सैल होतातच, भाऊजी. दहा मिनिटांनी थांबून पुन्हा आवळायला हवे होते. चूक माझी.”

मी “हं” म्हणालो. ‘घट्ट’पेक्षा हे ‘हं’ मला जास्त जड गेलं. कारण या वेळी हाक मारायला चहासुद्धा नव्हता.

पुण्याला येताना गाडीत मी बराच हिशेब मांडून पाहिला. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. जमा-खर्च जुळवता येतो. नुकसान : शून्य. दोन्ही स्क्रू आवळले असते तरी कदाचित सुटले असते. दोरी होतीच. पण दोरी माझ्या खात्यावर कशी जमा धरायची? ती बांधली त्या म्हाताऱ्यानं, आणि मी तर तिच्यावर रागावलो होतो. प्रत्येक वेळी शेवटी तेच पोरगं दिसायचं, पाण्यात हात घालून बसलेलं.

आठवड्यानं फोन केला. म्हटलं, “दादा, दुसरा स्क्रू मी आवळलाच नव्हता.”

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग दादा म्हणाले, “तुमचा हात स्क्रूवरून निघाला तेव्हा मी चहाकडेच पाहत होतो. ‘घट्ट?’ म्हणून विचारलं, झालं. बोटीवर असतो तर माझं सर्टिफिकेट गेलं असतं.” आणि मग जरा खालच्या आवाजात, “वहिनीला सांगू नका हं तुमच्या.”

माझ्या वहिनी म्हणजे त्यांची बायको. तिथून पुढे ते आमच्या हिच्यापर्यंत यायला कितीसा वेळ लागणार?

दुसऱ्या दिवशी बँकेत व्हाउचरांचा गठ्ठा घेऊन बसलो. साडेअकराला मॅनेजरसाहेब टेबलाशी आले, उरलेल्या गठ्ठ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काळजीनं म्हणाले, “बरं नाहीये का? घरी जाता का?”