नेमकं आणि निदान

आमच्या शेजारी एक भीमराव राहतात. वजन 48 किलो. त्यामुळे नावावरून माप काढू नये, हे मला ठाऊक होतं. पण कॉम्प्युटरसारख्या काटेकोर जगातही हाच घोळ असेल, असं वाटलं नव्हतं.

"मामा," माझा प्रोग्रॅमर भाचा म्हणाला, "सी भाषेत पूर्णांकाच्या जाती असतात. शॉर्ट, इंट, लाँग."

"लाँग म्हणजे किती लांब?"

"निदान 32 बिट."

निदान? आमच्या शिंप्यानं बाही 'निदान वीतभर' शिवली तर चालेल का हो?

"आणि प्रत्यक्षात?"

"64 बिटी विंडोजवर 32, तशाच लिनक्सवर 64."

1989 सालच्या अमेरिकन प्रमाणात अट एवढीच, की लाँग 32 पेक्षा कमी नको आणि इंटपेक्षा आखूड नको. यंत्रं तऱ्हेतऱ्हेची, ज्याला जे सोयीचं ते त्यानं घ्यावं. तेही पुरेना, तेव्हा 1999 च्या प्रमाणात 'लाँग लाँग' आलं. म्हणजे आपलं लांबलचक!

मी हसलो. भाचा हसला नाही. "4 जून 1996 ला युरोपचं एरियान-5 रॉकेट उडाल्यावर चाळीसेक सेकंदांत नष्ट झालं. भाषा वेगळी होती, अडा. पण 64 बिटी दशांशाचा आकडा 16 बिटी पूर्णांकाच्या खणात कोंबला. तिथे 32,767 च्या वर मावत नाही."

मग त्यानं 1999 चीच आणखी एक गोष्ट सांगितली. त्यात 'निदान 32' अशी एक जात आहे आणि 'नेमके 32' अशी दुसरी. 'निदान' सगळ्यांनी पुरवायचीच. पण ज्या यंत्राला नेमके 32 जमत नाहीत, त्यानं ते नावच घ्यायचं नाही.

मी गप्प झालो. कारण याच्या आईला, माझ्या ताईला, मी चार वर्षं सांगतोय, "येतो एकदा सवडीनं." यात खोटं काही नाही. सैल शब्द कधी मोडत नाही, हीच त्याची सोय. पण ती सोय शब्द देणाऱ्याची. घेणारा बिचारा दर सणाला एक पान जास्त मांडतो.

रात्री फोन केला. "ताई, रविवारी येतोय. सकाळी आठच्या एस्टीनं."

पलीकडे क्षणभर शांतता. मग ताई म्हणाली, "मग पुरण घालते. निदान चार पोळ्या तरी खाशील ना रे?"

इथे मात्र 'निदान'ला माझी काही हरकत नव्हती.