पडदा कोणासाठी?

घराला निवाऱ्याची आणि शांतीची जागा बनवणे ही अल्लाहची कृपा आहे, हे दिव्य कुरआनने सूरह अन्-नह्लमध्ये (१६:८०) मानवाच्या निदर्शनास आणून दिले आहे. गेल्या शाबान महिन्यात या कृपेचा अनुभव आमच्या कुटुंबाला आला. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर एवढे आमचे नवे घर. सामान लागले, मुलांनी आपापले कोपरे निवडले. खिडक्या मात्र उघड्याच राहिल्या. बाजारात चौकशी केली, तेव्हा कापडापेक्षा शिलाई आणि झालरींचाच खर्च अधिक निघाला. पत्नी म्हणाली, "अहो, मशीन घरात आहे. पडदे आपणच शिवू."

मी होकार दिला, पण मनात एक शंका उरलीच. इमामाच्या घरी लोकांची ये-जा असते. घरी शिवलेले पडदे वेडेवाकडे दिसले तर? शंका क्षुद्र होती, हे मी कबूल करतो. तरीही तिच्यामुळे एक प्रश्न उभा राहिला. पडदा असतो कोणासाठी? बाहेरून पाहणाऱ्यासाठी की आत राहणाऱ्यासाठी?

सुती कापड धुतल्यावर आटते. म्हणून ते आधी धुऊन, वाळवून मगच कापावे लागते. पडद्याला सुंदर चुण्या पडाव्यात म्हणून खिडकीच्या रुंदीच्या दीडपट ते दुप्पट कापड लागते. खालची दुमड चार बोटांची ठेवली की वजनाने पडदा सरळ राहतो. हे सारे होईपर्यंत आठ दिवस गेले आणि त्या आठ दिवसांनी मला माझ्या प्रश्नाचे अनपेक्षित उत्तर दिले.

आमच्या खिडकीसमोर, अरुंद गल्लीच्या पलीकडे, दुसऱ्या घराची खिडकी आहे. तिलाही पडदा नाही. आठ दिवसांत मला नकळत कळू लागले की तिथे दिवा किती वाजता मालवतो, कोण एकटेच जेवायला बसते, कोणाचा आवाज चढतो. एका रात्री जेवताना मी सहज बोलून गेलो, "समोर आजही बोलाचाली झालेली दिसते." पत्नीने हातातला घास खाली ठेवला आणि विचारले, "हे तुम्हाला कोणी सांगितले?"

कोणीच सांगितले नव्हते. मी पाहिले होते. दुसऱ्याचे दोष शोधत फिरू नका आणि पाठीमागे निंदा करू नका, ही सूरह अल्-हुजुरातमधली (४९:१२) आज्ञा मी मिंबरवरून कितीतरी वेळा समजावून सांगितली आहे. त्या घासापाशी मला तिचा अर्थ नव्याने समजला. खिडकी उघडी होती, नजर गेली, इथवर कदाचित माझा दोष नसेल. अवचित पडलेली पहिली नजर माफ आहे, तिच्यामागून मुद्दाम टाकलेली दुसरी नाही, अशी शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अली (रजि.) यांना दिली होती. माझी दुसरी नजर झाली होती, तिसरीही झाली होती, आणि आता ती जिभेवर आली होती.

आपण समजतो की पडदा आपल्याला इतरांच्या नजरेपासून वाचवतो. ते खरेच आहे, पण अर्धेच. बुखारी शरीफमध्ये प्रसंग आहे की एक माणूस प्रेषितांच्या (स.) घरात फटीतून डोकावला. प्रेषितांनी (स.) त्याबद्दल तीव्र नाराजी दर्शवली आणि स्पष्ट केले की घरात शिरण्यापूर्वी परवानगी घेण्याचा नियम नजरेसाठीच घालून दिला आहे. अबू दाऊदमधील हदीस तर अधिक विचार करायला लावते. त्या काळी घरांच्या दारांना पडदे नसत. म्हणून प्रेषित (स.) कोणाच्या दारी गेले, तर दारासमोर उभे न राहता उजव्या किंवा डाव्या बाजूला थांबत. समोरच्याच्या दाराला पडदा नव्हता, तेव्हा त्यांनी स्वतःच्या उभे राहण्यालाच पडदा केले. नजर खाली ठेवण्याची आज्ञाही सूरह अन्-नूरमध्ये (२४:३०) प्रथम पुरुषांना आहे, त्यानंतर स्त्रियांना. म्हणजे पडद्याची पहिली जबाबदारी पाहणाऱ्यावर येते.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः सुई हातात घेतली. मशीनवरची शिलाई पत्नीची, खालच्या दुमडीची तुरपाई माझी. या कामात कमीपणा वाटण्याचे कारणच नव्हते. अल्लाहचे प्रेषित (स.) आपला कपडा स्वतः शिवत, पादत्राण स्वतः दुरुस्त करत, अशी साक्ष हजरत आयशा (रजि.) यांनी दिली आहे. हजरत दाऊद (अ.) यांना चिलखत बनवण्याची कला देताना अल्लाहने कड्या मापात जोडण्याचीही आज्ञा केली (३४:११). हाताचे काम नेटके करणे हाही आज्ञापालनाचा भाग आहे.

मात्र इथे एक हरकत रास्त आहे. प्रत्येकजण घरीच शिवू लागला, तर शिंप्याच्या रोजीचे काय? आपल्या हातचे काम म्हणून गर्व करावा आणि शेजाऱ्याची चूल विसरावी, यात पुण्य नाही. आमच्या दाराचा जाड, अस्तराचा पडदा घरच्या मशीनच्या सुईला पेलणारा नव्हता. तो आम्ही मोहल्ल्यातल्या शिंप्याकडे दिला आणि घासाघीस न करता शिलाई दिली. आपल्याला जमते ते आपण करावे, कारागिराच्या कौशल्याचे मोल मनापासून चुकते करावे.

सजावटीचा प्रश्न राहतो. हजरत आयशा (रजि.) यांनी दाराला कापड लावून सजावट केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) ते ओढून काढले आणि दगडमातीला वस्त्रे नेसवण्याची आज्ञा आपल्याला नाही, या आशयाचे उद्गार काढले. हजरत आयशा (रजि.) यांनी त्या कापडाच्या दोन उशा केल्या, त्याला त्यांनी हरकत घेतली नाही. लाडक्या कन्या हजरत फातिमा (रजि.) यांच्या दारी नक्षीदार पडदा दिसला, तेव्हा ते आत न जाता परतले आणि तो एका गरजू घराकडे पाठवायला सांगितला. कापड दोन्ही वेळा फुकट गेले नाही. मिरवण्याच्या जागेवरून निघून गरजेच्या जागी गेले. झाकण्यासाठी लावलेल्या पडद्याने दिमाख झाकला जात नसेल, तर तो आपले काम विसरला, असेच म्हणावे लागेल.

आमचे थोडे कापड उरले. पत्नीच्या मनात आले की ते समोरच्या घरी द्यावे. मग तिनेच तो विचार आवरला. ती म्हणाली, "दिले तर त्यांना कळेल की आपण पाहिले. ती लाज त्यांना कशाला? आपल्या खिडकीला पडदा लागला की त्यांचेही घर झाकले जाईल."

मदरशातली वर्षे आणि मिंबरवरची वर्षे मिळून मला जे नीट उमजले नव्हते, ते या एका वाक्यात होते. दानसुद्धा कधी कधी दुसऱ्याचा पडदा उघडते. एका खिडकीचे कापड दोन घरे झाकते. जो या जगात आपल्या बांधवाचे दोष झाकतो, त्याचे दोष अल्लाह झाकतो, ही शुभवार्ता प्रेषितांनी (स.) दिली आहे. कयामतच्या दिवशी ते झाकण आपल्यापैकी कोणाला नको असेल?

आज पडदे लागले आहेत. माझी तुरपाई एका कोपऱ्यात वाकडी गेली आहे. आलेल्या पाहुण्याला ती दिसतेही. आता तिची लाज वाटत नाही. खिडकीचे पडदे आम्ही दोन संध्याकाळींत शिवले. त्या आठ दिवसांत मला जे कळले, त्यावर घालायचा जिभेचा पडदा मात्र आयुष्यभर शिवत राहावा लागणार आहे.

अल्लाह आपल्या सर्वांच्या घरांना शांती देवो, आपल्या नजरा आणि जिभा राखो आणि आपल्या दोषांवर आपल्या कृपेचे आच्छादन घालो. आमीन.